इंधननळ्यांचे जोड आणि ते सोडविण्याची हत्यारे

मोटारीच्या आणि दुचाकीच्या रचनेत गेल्या दोन-अडीच दशकांत जे बदल घडून आले, त्यांपैकी मालकाच्या नजरेस सहसा न पडणारा, परंतु दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हाताला पदोपदी जाणवणारा बदल म्हणजे पेट्रोल, डिझेल, कूलंट आदी द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जोडांचा होय. पूर्वी रबरी नळी धातूच्या तोटीवर चढवावी, तिच्यावर क्लिप आवळावी आणि पुढे सोडविण्याची वेळ आली की पेचकसाने ती क्लिप सैल करावी, असा सरळ शिरस्ता होता. आता त्या जागी नायलॉनची कडक नळी आणि तिच्या टोकाशी ‘क्विक कनेक्टर’ नावाचा जोड येतो. तो दाबला की टक् असा आवाज करून जागच्या जागी बसतो, बसविणाऱ्यास एकही पाना लागत नाही, आणि गाड्या तयार करणाऱ्या कारखानदाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मात्र तोच जोड धूळ, चिखल आणि इंजिनाची उष्णता चार-पाच वर्षे सोसून झाल्यावर उघडावयाचा प्रसंग आला, म्हणजे योग्य हत्याराच्या अभावी किती नुकसान होऊ शकते, हे एका मोडक्या कनेक्टरपायी सबंध नळी विकत घ्यावी लागलेल्या गाडीमालकास कोणी निराळे सांगावयास नको.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील वाचकांपुढे हा विषय मुद्दाम मांडण्यास सबळ कारणे आहेत. नोकरीनिमित्त रोज मुंबईकडे जाणाऱ्या या वस्तीत घर ते रेल्वे स्टेशन हे अंतर तोडण्यासाठी स्कूटर किंवा मोटारसायकल बहुतेक घरांत आहे. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा होऊन त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. याचा अर्थ असा की, जिच्या टाकीतून पेट्रोल आपोआप खाली ओघळत असे, त्या साध्या दुचाकीतही आता टाकीत विजेवर चालणारा पंप बसला, नळीत सुमारे ३ बार इतका दाब आला, आणि टाकी उतरविण्यापूर्वी क्विक कनेक्टर सोडविणे अपरिहार्य झाले. कार्ब्युरेटर साफ करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा कुशल मिस्त्रींनाही हा जोड प्रथम परका वाटावा, यात नवल नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी वसलेल्या या गावांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तीही याच खोऱ्यात. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरले, की ती टाकी रिकामी करणे, नळ्या धुऊन काढणे आणि फिल्टर बदलणे भाग पडते. त्यातून २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचा गुणधर्म असा की, इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले म्हणजे पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलापासून विभक्त होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका पंपाच्या तोंडाशी बसतो. अशा वेळी इंधननळी उघडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि पावसाळ्यानंतर गॅरेजांत अशी कामे घाईघाईने होत असतात. हत्याराची निवड चुकते ती बहुधा अशाच घाईत.

हत्यार निवडण्यापूर्वी जोडाची अंतर्रचना मनात स्पष्ट असली पाहिजे. नळीच्या नर टोकापासून थोड्या अंतरावर तिला सभोवार एक उठावाचे कडे असते. हे टोक कनेक्टरच्या मादी तोंडात शिरले, की आतील लवचीक नख्या त्या कड्यावरून सरकून त्याच्या पाठीमागे मिटतात. यापुढे नळी कितीही ओढली तरी नख्या कड्याला अडतात, आणि ओढ जितकी अधिक तितकी त्यांची पकड घट्ट होते. गळती थांबविण्याचे काम या नख्यांचे नव्हे. ते आणखी आत बसलेल्या ओ-रिंगांचे असते. म्हणून जोड सोडविणे याचा अर्थ एवढाच की, त्या नख्या एकाच वेळी सर्व बाजूंनी बाहेरच्या दिशेला फाकवून कड्याला परत जाण्याची वाट करून द्यावयाची. पेचकसाच्या टोकाने एका बाजूची नखी उचलली, तर समोरची तशीच अडून राहते; मग ओढाताण होते, नखी तुटते, नळीच्या तकतकीत पृष्ठभागावर ओरखडा उमटतो, आणि त्या ओरखड्यातून पुढे ओ-रिंग नवी घातली तरी पेट्रोल पाझरत राहते. हत्याराचे सारे प्रयोजन या एका कृतीत सामावले आहे, आणि पुढील सारे विवेचन तेथूनच निघते.

पेटीतील नगांची संख्या पाहून हत्यार घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाजारात रंगीबेरंगी प्लास्टिकच्या गोल चकत्यांचा संच मिळतो, कात्रीसारखी अनेक पाती एकत्र जोडलेला संच मिळतो, लांब दांड्याच्या वाकड्या पकडी मिळतात. आणि वीस-पंचवीस नगांची चकचकीत पेटी पाहून नवख्याला वाटते की, एवढ्यांत आपल्याला हवे ते असणारच. प्रत्यक्षात एका गॅरेजात येणाऱ्या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांना दोन किंवा तीन मापे पुरतात, आणि उरलेले नग पेटीत गंजत पडतात. तेव्हा आधी जोडाचे कुलूप कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे, नंतर नळी मोजावी, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

कुलपाची जात ओळखणे फारसे कठीण नाही. पुष्कळ दुचाकींत आणि नव्या मोटारींत कनेक्टरच्या दोन्ही अंगांना दाबावयाच्या कळा असतात. त्या अंगठा व तर्जनी यांनी दाबल्या की जोड सुटतो, हत्याराची गरजच नसते. काही ठिकाणी या कळांवर निराळ्या रंगाचे दुसरे कुलूप बसविलेले असते. ते आधी उचलून किंवा सरकवून मोकळे करावे लागते, आणि ते न करता केवळ जोर लावणारा मनुष्य हमखास कनेक्टर फोडतो. बोट पोहोचत नाही अशा अरुंद जागेत या जातीसाठी वाकड्या तोंडाची पकड उपयोगी पडते, परंतु तिची तोंडे रुंद आणि गुळगुळीत असावीत. दाते असलेली साधी पकड प्लास्टिकच्या कळा चिरडते. कूलंटच्या जाड नळ्यांवर तारेची क्लिप असते. ती पेचकसाने तिच्या खाचेपर्यंत उचलावयाची असते, पूर्ण बाहेर काढावयाची नसते. यांपैकी कशालाही विशेष हत्यार विकत घेऊ नये. विशेष हत्यार लागते ते एकाच मुख्य जातीला, जिच्यात नख्या कनेक्टरच्या पोटात दडलेल्या असतात, बाहेर दाबण्यासारखे काहीच दिसत नाही, आणि नळी व कनेक्टरचे तोंड यांच्यामध्ये एक बारीक वर्तुळाकार फट तेवढी दिसते. त्या फटीतून आत सरकणारा पोकळ बुश हेच ते हत्यार होय.

आता मापाविषयी. इंधननळ्यांच्या जोडांसाठी अमेरिकेतील एसएई या संस्थेचे जे-२०४४ हे मानक सर्वत्र प्रमाण मानले जाते, आणि त्यात नर टोकाचे व्यास ठरवून दिलेले आहेत: ६.३० मिलिमीटर, ७.८९ मिलिमीटर, ९.४९ मिलिमीटर, ११.८० मिलिमीटर, १२.६१ मिलिमीटर इत्यादी. आपल्याकडील जुन्या फिटरांच्या हिशोबाने पहिले माप दोन सूत, दुसरे अडीच सूत, तिसरे तीन सूत, आणि १२.६१ म्हणजे चार सूत. कारण आठ सुतांचा एक इंच. बहुतेक मोटारींत पंपाकडून इंजिनाकडे जाणारी नळी अडीच किंवा तीन सुताची असते. हे ध्यानात ठेवले, तर दुकानदाराने पेटीवरचे इंची अपूर्णांक दाखविले म्हणून गोंधळून जाण्याचे कारण उरत नाही. तरीही अंदाजावर विसंबू नये. व्हर्नियर कॅलिपर घेऊन कनेक्टरच्या तोंडाजवळच्या उघड्या नळीचा व्यास मोजावा, आणि मोजण्यापूर्वी ती जागा फडक्याने पुसून घ्यावी, कारण चिखलाचा वाळलेला थर अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज करवितो. ७.८९ आणि ८ यांत दिसावयास फरक नाही, परंतु काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत ८ व १० मिलिमीटरच्या मेट्रिक नळ्या आढळतात, आणि तीन सुताचा घट्ट बुश १० मिलिमीटरच्या नळीवर चढणारच नाही. चढत नसलेला बुश ठोकून चढविणे हा तर नळीचा घात होय.

माप जुळले तरी बुशाची लांबी आणि जाडी पाहावी लागते. बुशाचा बाहेरचा व्यास नळीवरील कड्याच्या व्यासाएवढा किंवा त्याहून किंचित अधिक असला, तरच त्यावर चढलेल्या नख्या इतक्या फाकतात की, कडे मोकळेपणे परत सरकावे. पातळ बुश आत जातो, पण नख्या पुरत्या उघडत नाहीत, आणि कारागीर बिचारा हत्याराला दोष देण्याऐवजी आपले बळ वाढवीत राहतो. उलट जाड बुश फटीतच शिरत नाही. लांबीची गोष्ट अशी की, स्वस्त चकत्यांवरील बुश कित्येकदा आखूड असतो. नख्या खोल असलेल्या कनेक्टरमध्ये तो पोहोचण्यापूर्वीच त्याची चकती कनेक्टरच्या तोंडाला अडते. दुकानात उभ्या उभ्या याची परीक्षा करावयाची तर त्याच मापाच्या जुन्या नळीचा, कडे व कनेक्टर यांसह कापून ठेवलेला तुकडा बरोबर न्यावा. असा तुकडा गॅरेजातील भंगारात बहुधा सापडतोच, आणि ज्याला या कामात पारंगत व्हावयाचे आहे, त्या शिकाऊ मुलाने गाडीवर हात टाकण्यापूर्वी त्याच तुकड्यावर सराव करावा, हे उत्तम. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या वर्गांनीही असे तुकडे बाकावर ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

पदार्थाचा विचार करता प्लास्टिकच्या चकत्या अगदीच टाकाऊ समजू नयेत. वर्षातून चार वेळा आपल्या स्वतःच्या गाडीचे काम करणाऱ्यास त्या पुरतात, त्या नळीला ओरखडा पाडीत नाहीत, आणि चीर असल्यामुळे नळीवर बाजूने बसतात. दोष एवढाच की, पेट्रोल लागून आणि वारंवार वापरून त्यांची कड बोथट होते. कड गोलावली, की नख्यांवर चढण्याऐवजी ती त्यांना आत ढकलते. रोज काम करणाऱ्या गॅरेजाने अॅल्युमिनियमचे, बिजागरीने उघडणारे दुहेरी बुश घ्यावेत. पोलादी हत्यार टिकाऊ खरे, परंतु ते नळीहून कठीण असल्याने ओरखड्याची भीती असते, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ पोलादावर पोलाद घासणे हे केव्हाही टाळण्याजोगे. कात्रीसारखा अनेक पात्यांचा संच अवघड जागी पोहोचतो, मात्र त्याची पाती नळीला अर्धवटच वेढतात. म्हणून अन्य उपाय थकल्यावरच तो हाती घ्यावा.

या तीन गावांतील कारागिराला जी सोय आहे, ती पुष्कळ ठिकाणच्या कारागिराला नाही, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला अप्रशस्त वाटते. अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांच्यामुळे सूक्ष्म मापाच्या धातुकामाची परंपरा रुजली. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारी लहान-मोठी वर्कशॉपे आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेल्या, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव धारण केलेल्या शहरात तर हवी ती वस्तू गल्लीतच घडवून घेण्याची वहिवाट त्याच्या स्थापनेइतकीच जुनी आहे. तेव्हा ज्या मापाचा बुश पेटीत मिळत नाही, किंवा मिळतो पण आखूड पडतो, तो टर्नरकडून करवून घ्यावा. त्याला नमुन्याचा तुकडा द्यावा आणि तीन गोष्टी बजावून सांगाव्यात: आतील बोअर नळीच्या व्यासाहून केवळ एक ते दोन दशांश मिलिमीटरने मोठा असावा, बाहेरचा व्यास कड्यावरून घ्यावा, आणि पुढील कडेला धार किंवा बरी न ठेवता ती बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, मात्र गोल करू नये.

नळीवर बुश बाजूने बसला पाहिजे, कारण दोन्ही टोके जोडलेली असताना तो एका टोकाकडून ओवता येत नाही; यासाठी दोन मार्ग आहेत. डेलरिन या टणक प्लास्टिकचा दांडा घेतला, तर त्याला उभी अरुंद चीर दिली की बुश किंचित उघडून नळीवर बसतो व पुन्हा मिटतो, शिवाय डेलरिनला पेट्रोल बाधत नाही. अॅल्युमिनियम घेतले, तर ते असे लवचीक नाही. म्हणून बुश उभा कापून त्याचे दोन अर्ध करावेत, आणि मागच्या जाड भागात दोन बोटांनी धरण्यापुरती जागा ठेवावी. एकदा घडविलेला असा बुश वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यावर सुताचे माप कोरून ठेवले तर शिकाऊ मुलालाही शोधाशोध पडत नाही.

हत्यार हाती आले, तरी दाब उतरविल्यावाचून ते वापरण्याची मुभा कोणासही नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, नंतर आणखी दोन-तीन सेकंद स्टार्टर मारावा, टाकीचे झाकण उघडून आतील दाब सोडावा, आणि मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजिन थंड होईपर्यंत थांबावे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देते, आणि ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरून गॅरेजच्या खड्ड्यात साचते. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल, तर ते काम तेवढा वेळ थांबविण्याची विनंती निःसंकोचपणे करावी. दिव्यासाठी तापणारा बल्ब नको, एलईडी विजेरी असावी. डोळ्यांवर चष्मा, जोडाखाली फडके, आणि हाताशी अग्निशामक असावे.

यानंतरची कृती लहान आहे, पण तिचा क्रम मोडू नये. जोडाभोवतीची माती ब्रशने झाडावी व हवेने उडवावी, म्हणजे ती आत जाणार नाही. कनेक्टर आणि नळी आधी एकमेकांच्या दिशेने दाबावीत, म्हणजे नख्यांवरचा ताण उतरतो. त्याच स्थितीत बुश फटीत सरळ, न पिळता, शेवटपर्यंत सरकवावा, आणि बुश तेथेच दाबून धरून कनेक्टर मागे ओढावा. सुटत नसेल तर जोर वाढवू नये. पुन्हा आत दाबावे, बुश किंचित फिरवावा, आणि पुन्हा ओढावे. बहुतेक हट्टी जोड धुळीने अडलेले असतात, ते दोन-तीन वेळा आत-बाहेर केल्याने मोकळे होतात. डिझेलच्या बीएस-६ ट्रकांत आणि काही मोटारींत युरियाच्या द्रावणाची नळीही अशाच जोडाची असते, त्यात ३२.५ टक्के युरिया असल्याने पाणी उडून गेल्यावर पांढरे स्फटिक जमून जोड आवळतो, आणि तेथे बळाचा नव्हे तर कोमट पाण्याचा इलाज करावा.

कोणते जोड या हत्याराने उघडू नयेत, हेही सांगितले पाहिजे. सीएनजीच्या रिक्षा व मोटारींतील सिलिंडराकडून येणारी पोलादी नळी सुमारे २०० बार दाबाची असते. तिचे जोड आट्यांचे असतात, आणि त्यांना अधिकृत केंद्रातील प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही हात लावू नये. डिझेल इंजिनाच्या कॉमन रेलच्या दाबाच्या नळ्याही अशाच वर्ज्य समजाव्यात. वातानुकूलनाच्या नळ्यांवर, विशेषतः फोर्ड कंपनीने जगभर प्रचलित केलेल्या आतील स्प्रिंगच्या जोडांवर, बुशाच्या जातीचेच हत्यार चालते; परंतु गाडी बंद असली तरी ३० अंश तापमानाला त्यांत ६ ते ७ बार दाबाचा वायू असतो, आणि तो सुटला तर त्वचा गोठवितो. म्हणून यंत्राने वायू काढून घेतल्यावाचून तो जोड उघडू नये. हायड्रॉलिक क्लचच्या नळीचा जोड सोडविला, तर पुढे हवा काढण्याचे काम आपल्यावर येते, हे आधी लक्षात घेऊन मगच तो सोडवावा.

जोड उघडलाच आहे, तर ओ-रिंग तपासावी. ती चपटी झाली असेल, किंवा तिला तडे दिसत असतील, तर दया न दाखवता बदलावी. येथेही माप जुळणे पुरेसे नाही, तिचा पदार्थ जुळला पाहिजे. इंधनासाठी, विशेषतः इथेनॉलमिश्रित पेट्रोलासाठी, व्हायटॉन नावाने मिळणाऱ्या रबराची ओ-रिंग घ्यावी. कूलंटसाठी ईपीडीएम योग्य, परंतु तीच इंधननळीत घातली तर पेट्रोलने फुगून निकामी होते. वातानुकूलनासाठी एचएनबीआर वापरतात. दिसावयास तिन्ही काळ्या असू शकतात, तेव्हा दुकानदाराकडून पुडीवर नाव लिहून घेण्याची तजवीज करावी.

परत जोडताना नर टोकावर स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब फिरवावा, क्लचच्या नळीला मात्र ऑइलऐवजी ब्रेक फ्लुइड लावावे. टक् असा आवाज येईपर्यंत जोड सरळ दाबावा. दुसरे कुलूप असल्यास ते बसवावे. आणि आवाज ऐकला म्हणून समाधान न मानता नळी दोन्ही हातांनी उलट दिशेने ओढून पाहावी, कारण नखी अर्धवट बसल्यावरही आवाज येऊ शकतो. मग फ्यूज, बॅटरी आणि टाकीचे झाकण पूर्ववत करून किल्ली दोन-तीन वेळा नुसतीच चालू-बंद करावी, म्हणजे इंजिन न फिरवता पंप नळीत दाब भरतो. या अवस्थेत जोडाभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. तो कोरडा राहिला तर इंजिन सुरू करून पाच मिनिटे चालू द्यावे, पुन्हा कागद फिरवावा, आणि गाडी मालकाच्या हवाली करण्यापूर्वी एक लहानशी फेरी मारून आल्यावर, इंजिन तापलेले असताना, तिसऱ्यांदा तपासणी करावी.